बाळाचा ओठ, घराण्याची जनुके आणि घरातील तंबाखू

चेन्नई महानगरातील शोळिंगनल्लूर व लगतच्या परिसरात राहणाऱ्या मराठी भाषक कुटुंबांसाठी आरोग्य-माहिती

बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्माला आले की घरात पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो : ग्रहणात काही चिरले-कापले होतेस का? तिने नाही म्हटले तर दुसरा प्रश्न तयार असतो : तुझ्या माहेरी कोणाला असे होते का? शिकल्या-सवरल्या घरांतही हे दोन प्रश्न आज विचारले जातात. तिसरा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. गर्भ राहण्याच्या सुमारास आणि नंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत या घरात तंबाखू कोण कोण वापरत होते? प्रस्तुत पत्रकात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. परंतु ते लिहिले आहे ते तिसऱ्या प्रश्नासाठी, कारण तिघांपैकी तेवढ्यावरच कुटुंबाला स्वतः काही करता येते.

ओठ केव्हा जुळतो?

गर्भाचा चेहरा एकसंध घडत नाही. कपाळाकडून, नाकाच्या दोन्ही अंगांनी आणि वरच्या जबड्याच्या बाजूंनी मांसल उंचवटे वाढत येतात आणि एकमेकांस भिडून जुळतात. वरचा ओठ अशा रीतीने गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान पूर्ण होतो. टाळूचे दोन्ही बाजूंचे पडदे त्यानंतर, साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात, मध्यभागी येऊन मिळतात. या मुदतीत पेशींची वाढ मंदावली किंवा जुळणी अपुरी राहिली, तर ओठात, टाळूत किंवा दोन्हींत फट राहते. मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात ती नळी तर याहूनही आधी, गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद व्हावी लागते.

आता हे वेळापत्रक घरातल्या दिनदर्शिकेशी ताडून पाहावे. पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. (डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबात दोन आठवडे अधिक दिसतात.) चाचणी, खात्री, मग दवाखान्यात नाव नोंदवणे यांत आणखी तीन-चार आठवडे सहज जातात. पहिली तपासणी होते तेव्हा मज्जारज्जूची नळी बहुधा बंद झालेली असते आणि ओठाची जुळणी निम्म्यावर आलेली किंवा संपलेलीही असते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, तोवर बाळाचा ओठ जुळून पाच महिने उलटलेले असतात. ग्रहण पाळण्याचा सर्वाधिक आग्रह नेमका या शेवटच्या महिन्यांतील गर्भवतीला होतो. त्या वेळी तिने भाजी चिरली काय किंवा अंधाऱ्या खोलीत बसून राहिली काय, जुळलेला ओठ उलगडत नाही. तिला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून ठेवल्याने मात्र तिला आणि बाळाला त्रास होऊ शकतो.

आमच्या घराण्यात नाही, मग आले कुठून?

दर शंभर नवजात बालकांपैकी दोन ते तीन बालकांत एखादे मोठे जन्मजात व्यंग आढळते. त्यांतील काहींचे कारण एका जनुकातील किंवा एका गुणसूत्रातील स्पष्ट बदलात सापडते. दुभंगलेला ओठ व टाळू यांचे बहुतांश प्रकार तसे नसतात. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आणि गर्भाशयातील परिस्थितीचा वाटा मिळून ते घडतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा जुळ्या मुलांकडून मिळतो. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. त्यांपैकी एकाचा ओठ दुभंगलेला असेल तर दुसऱ्याचाही तसा असण्याचे प्रमाण सुमारे निम्मे आढळते. दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांत ते दहा टक्क्यांहूनही कमी असते. या दोन आकड्यांतील तफावत जनुकांचे महत्त्व दाखवते. परंतु सर्वच जनुके सारखी असूनही निम्म्या जोड्यांत दुसरे बाळ निर्व्यंग असते, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणजे जनुकांनी कल दिला, तरी निकाल सर्वस्वी त्यांच्या हाती नसतो.

आई-वडिलांपैकी कोणालाही हे व्यंग नसताना एक मूल दुभंगलेल्या ओठाचे झाले, तर पुढच्या मुलातही तसे होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच असते. ही शक्यता इतरांहून निश्चित अधिक आहे. तरीही अशा शंभर गर्भारपणांपैकी पंचाण्णवच्या आसपास बाळांचा ओठ नीट जुळलेला असतो. काही थोड्या घराण्यांत मात्र व्यंग पिढ्यान्‌पिढ्या दिसते. अशा कुटुंबात एखाद्याच्या खालच्या ओठावर जन्मतः बारीक खळ्या असतील, तर तो आयआरएफ-६ या एका जनुकातील बदलाचा परिणाम असू शकतो आणि तेथे प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून समुपदेशनाला जाताना घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती गोळा करून न्यावी, त्यांची जुनी छायाचित्रेही न्यावीत. ‘माहेरचे’ की ‘सासरचे’ हा वाद तेथे उपयोगी पडत नाही. दोन्हीकडची माहिती लागते.

नात्यातील विवाहाचा विषय येथे टाळून चालणार नाही. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्रातील अनेक समाजांत मान्य रीत आहे. तमिळनाडूत त्याखेरीज प्रत्यक्ष मामाशी भाचीचा विवाहही होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत तमिळनाडूतील एक चतुर्थांशाहून अधिक स्त्रियांनी आपला विवाह रक्ताच्या नात्यात झाल्याचे सांगितले. आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके सामायिक असतात, मामा-भाचीची एक चतुर्थांश. त्यामुळे एखाद्या आजाराचे सुप्त जनुक दोघांकडेही असण्याची आणि ते बाळाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता वाढते. आते-मामे भावंडांच्या विवाहात ही वाढ शंभरात साधारण दोन-तीन बाळांची असते. ज्यांचे लग्न झालेले आहे त्यांनी घाबरून जाऊ नये, परंतु गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांना नाते सांगावे. आणि ज्या जोडप्याच्या वाट्याला जनुकांचा धोका आधीच थोडा अधिक आला आहे, त्याने त्यात तंबाखूची भर घालणे तर मुळीच परवडणारे नाही.

एकच धूर, दोन गर्भ

‘आमच्या आत्याने आयुष्यभर विड्या ओढल्या, तिची पाचही मुले धडधाकट,’ असे उदाहरण प्रत्येक गावात मिळते. ते खोटे नसते. त्यामागचे जनुकशास्त्र समजून घेतले की आत्याचे उदाहरण आपल्याला का लागू करता येत नाही, हे ध्यानात येईल.

तंबाखूच्या धुरात हजारो रासायनिक द्रव्ये असतात. त्यांतील अनेक विषारी द्रव्ये शरीर विशिष्ट विकरांच्या साहाय्याने निष्प्रभ करून बाहेर टाकते. अशा एका विकराचे जनुक जीएसटीटी-१ या नावाने ओळखले जाते. काही माणसांत हे जनुक मुळातच नसते. दोन्ही पालकांकडून आलेल्या गुणसूत्रांवर त्याची जागा रिकामी असते. भारतीयांत अशा व्यक्ती विरळा नाहीत. एरवी त्यांना काही त्रास नसतो आणि आपल्याकडे हे जनुक नाही याची त्यांना कल्पनाही नसते. डेन्मार्क आणि अमेरिकेतील आयोवा राज्य येथील बालकांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, आई धूम्रपान करत होती आणि गर्भाकडे हे जनुक नव्हते, तेथे ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका विशेष वाढला. चेहऱ्याच्या वाढीशी संबंधित टीजीएफ-अल्फा या जनुकाच्या एका प्रकाराविषयी १९९० च्या दशकातील अमेरिकी अभ्यासांनीही अशाच संगनमताकडे लक्ष वेधले होते, जरी नंतरचे सर्व अभ्यास त्या बाबतीत एकमताचे नाहीत.

येथे एक बारकावा आहे. ज्याचे जनुक महत्त्वाचे ठरते तो गर्भ आहे, आणि त्याची जनुके आईच्या जनुकांहून निराळी असतात. निम्मी वडिलांची असतात. आईला तंबाखू ‘मानवते’ म्हणून ती तिच्या पोटातल्या जिवालाही मानवेल, असे गृहीत धरता येत नाही. आत्याच्या पाच मुलांच्या वाट्याला जी जनुके आली ती तुमच्या बाळाला येतील की नाही, हे कोणीही आधी सांगू शकत नाही. त्यासाठी रक्त तपासून घेण्याची काही आवश्यकता नाही; असा अहवाल हाती आला तरी सल्ला बदलणार नाही.

विषारी द्रव्यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी घडतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईपेक्षाही वाढते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचित होतात, वारेकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी होतो. शिवाय धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात फोलेट या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळते, आणि पेशींच्या झपाट्याने होणाऱ्या विभाजनाला तर त्याच जीवनसत्त्वाची गरज असते.

तंबाखूने बाळाची जनुके बदलतात का, असेही विचारले जाते. जनुकांतील मजकूर सहसा बदलत नाही. परंतु त्या मजकुरावर लागणाऱ्या रासायनिक खुणा बदलतात. या खुणा कोणते जनुक किती काम करील हे ठरवण्यात भाग घेतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तेरा अभ्यासगटांतील साडेसहा हजारांहून अधिक नवजात बालकांचे रक्त तपासले असता, गर्भारपणात धूम्रपान केलेल्या मातांच्या बाळांत अशा खुणा हजारो ठिकाणी वेगळ्या आढळल्या. त्यांपैकी काही पुढे मोठ्या वयातही टिकून राहतात.

धोका नेमका किती?

भीती घालून कोणी तंबाखू सोडत नाही, हा परिचारिकांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून आकडे आहेत तसेच देत आहोत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात जगभरातील १७२ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. त्यांत व्यंग असलेल्या सुमारे १ लाख ७४ हजार बालकांची माहिती होती. आई धूम्रपान करत असल्यास ओठ-टाळू दुभंगण्याची शक्यता साधारण २८ टक्क्यांनी, हातापायाचा भाग अपुरा राहण्याची सुमारे २६ टक्क्यांनी, पाऊल आत वळलेले असण्याची २८ टक्क्यांनी, तर पोटाच्या भिंतीतील फटीतून आतडी बाहेर येण्याची सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेली आढळली. हृदयाच्या व्यंगांत वाढ अल्प, सुमारे ९ टक्के होती. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने, गर्भारपणाच्या आरंभीचे धूम्रपान हे ओठ-टाळू दुभंगण्याचे एक कारण आहे, असा स्पष्ट निष्कर्ष दिला.

२८ टक्के वाढ म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. दर दहा हजार जन्मांत दहा बाळांचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो असे धरले, तर सर्व माता धूम्रपान करणाऱ्या असल्यास ती संख्या तेरापर्यंत जाईल. बाकीच्यांना हे व्यंग होणार नाही. एखाद्या मातेच्या बाबतीत ‘तुझ्या विडीमुळेच हे झाले’ असे म्हणणे त्यामुळेच चुकीचे आहे, आणि निर्दयपणाचेही. परंतु आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. तेथे प्रत्येक दहा हजारांमागील तीन बाळे ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

मशेरी : धूर नसलेली तंबाखू

‘आमच्या बायका कुठे सिगारेट ओढतात?’ हा आक्षेप रास्त आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया शंभरात दोन आहेत. परंतु धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात जवळजवळ तेरा आहे. मराठी घरांत तिचे परिचित रूप म्हणजे मशेरी, म्हणजेच मिसरी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून भुकटी करायची आणि बोटाने दातांना लावायची. सुरुवात दात स्वच्छ करण्याच्या किंवा पोट साफ होण्याच्या निमित्ताने होते आणि पुढे दिवसातून चार-पाच वेळा लावल्यावाचून चैन पडत नाही. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून दक्षिणेत आलेली गलाई कुटुंबे असोत किंवा जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या कंपन्यांत नोकरीला आलेल्या मुलाकडे राहायला आलेली आई असो, गावाकडून आलेल्या सामानात एखादी डबी असतेच. घरात तिला तंबाखू कोणी म्हणत नाही. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येते, आणि ते खोटे बोलण्याच्या हेतूने दिलेले नसते. म्हणून आमच्या सहकारी परिचारिकांनी ‘मशेरी लावता का?’ असे नाव घेऊनच विचारावे.

मशेरीविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती मुंबईतूनच आली. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा केला. त्यांचा अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांपैकी सुमारे १७ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, बहुतेक जणी मशेरी. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाण अधिक होते. त्याच स्त्रियांच्या माहितीवर आधारलेल्या २००६ च्या लेखात मृत बाळ जन्मण्याचा धोका सुमारे अडीच पट आढळला. हे आकडे व्यंगांचे नाहीत, परंतु कोणत्याही व्यंगाहून कमी गंभीर नाहीत.

मशेरीने ओठ दुभंगतो का? मशेरीवर तसा थेट अभ्यास नसला तरी तिच्या जवळची एक वस्तू स्वीडनमध्ये सर्रास वापरली जाते : ओठाखाली ठेवायची ओलसर तंबाखू, जिला तेथे स्नूस म्हणतात. स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्नूस चालू ठेवणाऱ्या मातांच्या बाळांतही ओठ-टाळू दुभंगण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. धूर नसला तरी निकोटिन असतेच, ते वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते, हे तेथे दिसून येते. तमिळनाडूत विडा-सुपारीसोबत चघळली जाणारी ‘पुगैयिलै’ म्हणजेही तंबाखूच. मावा, खैनी, जर्दा, तपकीर ही नावे वेगळी असली तरी वस्तू तीच. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास आपल्या देशात १९९२ पासूनच बंदी आहे. दातांसाठी ती औषधी असती तर ही बंदी आली नसती.

पुरुषांनी वाचावयाचा भाग

भारतात शंभरातील सुमारे एकोणचाळीस प्रौढ व्यक्तींना घरातच इतरांच्या तंबाखूचा धूर सहन करावा लागतो, असे त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात दिसले. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या परंतु इतरांच्या धुरात वावरणाऱ्या गर्भवतींवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मृत बाळ जन्मण्याची शक्यता सुमारे २३ टक्क्यांनी आणि जन्मजात व्यंगांची सुमारे १३ टक्क्यांनी वाढलेली होती. गच्चीत, बाल्कनीत किंवा न्हाणीघरात ओढलेली सिगारेट सदनिकेत पसरत नाही, ही समजूत चुकीची आहे. शोळिंगनल्लूरच्या उंच इमारतींतील वातानुकूलित, बंद खिडक्यांच्या घरात तर ती अधिकच चुकीची ठरते.

पुरुषाच्या तंबाखूचा दुसरा परिणाम गर्भधारणेपूर्वीचा आहे. शुक्रपेशी पूर्ण तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात आणि धूम्रपानामुळे त्यांतील जनुकद्रव्याला इजा पोहोचते. अपत्याचा विचार सुरू झाला की पतीने निदान तीन महिने आधी तंबाखू बंद करावी, असे सांगितले जाते ते यामुळे. पत्नीला सल्ला देण्यापूर्वी स्वतःच्या खिशातील पाकीट बाहेर काढणे हा सर्वांत परिणामकारक सल्ला आहे, असे आमचे मत आहे.

सोडायची केव्हा आणि कशी?

स्वीडनच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यातच एक दिलासा देणारी गोष्ट आहे. ज्या स्त्रियांनी गर्भारपणाच्या पहिल्या नोंदणीपूर्वी स्नूस किंवा धूम्रपान बंद केले होते, त्यांच्या बाळांत ओठ-टाळूच्या व्यंगाचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणून गर्भधारणेपूर्वी सोडणे सर्वोत्तम. पाळी चुकलेल्या दिवशी सोडणे त्याच्या खालोखाल. परंतु चौथा-पाचवा महिना लागलेल्या स्त्रीने ‘आता काय उपयोग’ म्हणून चालू ठेवू नये. ओठ जुळून गेला असला तरी बाळाचे वजन, फुप्फुसे आणि मेंदू यांची वाढ अखेरपर्यंत चालू असते, आणि वेळेपूर्वीची प्रसूती टाळण्याची संधी अजून हातात असते.

अचानक बंद केल्याने बाळाला धक्का बसतो, म्हणून हळूहळू कमी करावी, असा एक गैरसमज आढळतो. बंद केल्याने बाळाला इजा होत नाही. आईला मात्र पहिले आठ-दहा दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड, बद्धकोष्ठ जाणवतो. नंतर तो ओसरतो. मशेरी लावण्याच्या ठरलेल्या वेळा असतात : सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, दुपारच्या कामानंतर. त्या वेळी साध्या टूथपेस्टने दात घासावेत किंवा बडीशेप चघळावी. सुपारी नको, तिचेही व्यसन लागते. बद्धकोष्ठासाठी पाणी, पालेभाज्या व फळे वाढवावीत. डबी घरात ठेवू नये, मग ती सासूबाईंची असली तरी. सुनेने एकटीने सोडायची आणि सासूबाईंनी समोर बसून लावायची, असे फार दिवस चालत नाही. निकोटिनयुक्त च्युइंगगम किंवा व्यसन सोडवण्याच्या गोळ्या गर्भारपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ई-सिगारेट हा पर्याय नव्हे; तिच्यातही निकोटिन असते आणि २०१९ पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी आहे.

नोकरी करणाऱ्या ज्या स्त्रिया कामाच्या ताणात सिगारेट ओढतात, त्यांनी तपासणीच्या वेळी ते मोकळेपणाने सांगावे. सासरच्या मंडळींसमोर सांगणे अवघड असेल, तर परिचारिकेला एकांतात बोलायचे आहे एवढे म्हटले तरी पुरे. तो आपला अधिकार आहे.

शोळिंगनल्लूरमध्ये राहताना

अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी. चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची एकत्रित गोळी १८० दिवस घ्यावी. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. फॉलिक ॲसिडने मज्जारज्जूच्या व्यंगांचा धोका लक्षणीय कमी होतो. मात्र गोळी घेतली म्हणजे तंबाखूचा दोष धुऊन निघाला, असा हिशेब करू नये. पूर्वीचे एखादे मूल व्यंग असलेले असेल किंवा अपस्माराची औषधे चालू असतील, तर मात्रा वेगळी लागू शकते; ती डॉक्टरच ठरवतील.

पाळी चुकल्यावर लगेच चेन्नई महापालिकेच्या जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे. खासगी रुग्णालयात प्रसूती करायची असली तरी तमिळनाडूत प्रत्येक गर्भवतीची ‘पिक्मी’ प्रणालीत नोंद होते आणि तिला बारा अंकी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा. जन्मनोंदणीच्या वेळी त्याची विचारणा होते. बाळंतपणासाठी माहेरी, साताऱ्याला किंवा सोलापूरला जायचे असेल, तर येथील सर्व कागद आणि सोनोग्राफीचे अहवाल सोबत न्यावेत. भाषेची अडचण वाटत असेल तर ‘तंबाखू’, ‘नात्यातील लग्न’, ‘पहिल्या बाळाचे व्यंग’ या तीन गोष्टी कागदावर इंग्रजीत किंवा तमिळमध्ये लिहून नेणे सोयीचे पडते.

अठराव्या ते विसाव्या आठवड्यात व्यंगतपासणीची सोनोग्राफी करून घ्यावी. तीत दुभंगलेला ओठ बहुधा दिसतो. केवळ टाळूची फट अनेकदा दिसत नाही, म्हणून अहवाल चांगला आला तरी जन्मानंतर बाळाची टाळू बोट घालून तपासून घ्यावी. गर्भलिंग विचारणे व सांगणे हा कायद्याने गुन्हा आहे. व्यंगांच्या नोंदीचे महत्त्व चेन्नईने लवकर ओळखले होते. येथील फीटल केअर रिसर्च फाउंडेशनने २००१ मध्ये देशभरातील रुग्णालयांना जोडणारी जन्मजात व्यंगांची नोंदवही सुरू केली. बाळात काही आढळल्यास ते लपवू नये, नोंद होऊ द्यावी.

व्यंग असलेले बाळ घरी आले तर

पहिली अडचण दुधाची असते. केवळ ओठ दुभंगलेला असेल तर अनेक बाळे अंगावर पिऊ शकतात. स्तनाचा मऊ भाग फटीवर बसेल असे धरावे. टाळूला फट असेल तर बाळाला ओढता येत नाही. अशा वेळी आईचे दूध काढून आपल्याकडच्या बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. तमिळनाडूतील परिचारिका याच आकाराच्या भांड्याला पालाडै म्हणतात आणि ते वापरायला त्या हौसेने शिकवतात. बाळाला आडवे न ठेवता बसते धरावे, मधूनमधून खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. दूध नाकातून आले तर घाबरू नये, थांबून पुन्हा पाजावे. दर आठवड्याला वजन करावे, कारण शस्त्रक्रियेची तारीख बाळाच्या वजनावरही अवलंबून असते.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान केली जाते. टाळूची शस्त्रक्रिया लांबवल्यास उच्चार नाकातून येत राहतात. कानात वारंवार पू होतो का, ऐकू नीट येते का, याकडेही लक्ष द्यावे लागते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू, मज्जारज्जूची व्यंगे, वळलेली पावले व जन्मजात हृदयरोग यांची जन्मतःच तपासणी आणि पुढील उपचार विनामूल्य होतात. त्यासाठी आरोग्य केंद्रातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी घ्यावी. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर त्याआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे आणि दोघांनीही जावे.

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा : १८००-११२-३५६. मराठीत बोलता येते. मोबाइलवरून साहाय्य हवे असल्यास ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावा. गर्भवतीचे पती, सासू व घरातील इतर मंडळींनाही या सेवेचा लाभ घेता येतो. गर्भारपणात रक्तस्राव झाला, पोटात कळा येऊ लागल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी.